दादाच्या डायरीतले ग्रीक शब्द

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. माझ्या थोरल्या भावाने मरणाच्या दीड महिना आधी मला एक सरळ प्रश्न विचारला होता. मी त्याला उत्तराच्या जागी एका ग्रीक शब्दाचा अर्थ सांगितला. अर्थ बरोबर होता, कुठल्याही कोशात पडताळून घ्यावा इतका बरोबर. तो ऐकून त्याने जे ठरवलं ते चुकणार होतं, आणि ते चुकणार हे मला तिथल्या तिथे ठाऊक होतं.

कणकवलीत नर्सिंगच्या एका शाळेत मी गेली एकवीस वर्षं शिकवतो. त्याआधी एका लॅबमध्ये रिपोर्ट टाईप करत होतो. रोज तेच लांबलचक शब्द बोटांखालून जायचे आणि एकाचाही अर्थ कळायचा नाही, याची लाज वाटून मी एक जुना कोश विकत घेतला. तिथून नाद लागला. आता मुलींना मी हेच शिकवतो: शब्द पाठ करू नका, मासा साफ करतो तसा साफ करा. डोकं वेगळं, शेपूट वेगळं. शेपटीला 'आयटिस' असेल तर तिथे दाह आहे. 'एक्टमी' असेल तर काहीतरी कापून बाहेर काढलंय. ग्रीकमध्ये 'एक्' म्हणजे बाहेर, 'टोमे' म्हणजे कापणं. 'ओमा' असेल तर गाठ.

मुलींना खरी गंमत वाटते ती हाडांच्या नावांची. गुडघ्याची वाटी म्हणजे पटेला, लॅटिनमध्ये लहानशी ताटली. कमरेचं हाड पेल्विस, म्हणजे घंगाळ. गळ्याखालचं क्लॅव्हिकल म्हणजे लहान किल्ली. माकडहाड कॉक्सिक्स, कारण ग्रीकांना ते कोकिळेच्या चोचीसारखं दिसलं. एकदा तारकर्लीच्या एका मुलीने विचारलं, "सर, ह्या लोकांनी माणूस कापला की मांडणी आवरायला काढली?" वर्ग हसला, मीही हसलो. पुढे मी त्यांना आर्टरीचं सांगतो. जुन्या ग्रीक वैद्यांनी प्रेतं उघडली तेव्हा रोहिण्या रिकाम्या दिसल्या, म्हणून त्यांना वाटलं यांतून हवा वाहते. श्वासनळीचंच नाव त्यांनी रोहिणीला दिलं. मेलेल्यात बघून जिवंताबद्दल बोलले. चूक पुढे कळली, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

हे सगळं मी इतकं सहज बोलतो की ऐकणाऱ्याला वाटतं, या माणसाकडे लपवण्यासारखं काही नसणार.

आमच्याकडे एक रीत आहे. ती कुणी घालून दिलेली नाही, तरी सगळे पाळतात. रिपोर्टाचा लिफाफा पेशंटच्या हातात देत नाहीत. घरातल्या शिकलेल्या माणसाच्या हातात देतात. डॉक्टर पेशंटला म्हणतात, "काका, तुम्ही जरा बाहेर बसा," आणि काका बाहेर बसतात. आतून बाहेर आलेल्या माणसाच्या तोंडाकडे बघून काकांनी काय ते ओळखायचं. नात्यातले, शेजारचे, वाडीतले असे कितीतरी लिफाफे माझ्या हातून गेले आहेत. कुणाला काय सांगायचं, किती सांगायचं, हे मी ठरवलं. कुणी मला हा अधिकार दिला असं मी कधी विचारलं नाही. लोक आंबे आणून देत, मी ठेवून घेई.

दादा गावात राहायचा, कणकवलीपासून आत अर्ध्या तासावर. भात, काजू, थोडे आंबे. नववी शिकलेला. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा आणि मला कायम 'मास्तर' म्हणायचा, त्यात निम्मा अभिमान आणि निम्मी टिंगल. आमच्या दोघांच्या मध्ये एक बहीण. तिला फोंडाघाटला दिलेली. मी तिला ताई म्हणतो, दादा तिला बाय म्हणायचा. म्हणायचा, असं लिहितो खरा, पण शेवटची नऊ वर्षं त्याने तिला काहीच म्हटलं नव्हतं. दोघं बोलत नव्हती. गणपतीला ती माहेरी येत नव्हती आणि दादा दरवर्षी चतुर्थीला एकदा तरी उगाच खळ्यात, घरापुढच्या अंगणात, जाऊन रस्त्याकडे बघून यायचा. आमच्या घरात भांडण तोंडाने होत नाही. कोण कोणाला वाढत नाही यावरून ते कळतं.

त्या अबोल्याचं कारण मला माहीत होतं. एकट्या मलाच माहीत होतं. ते पुढे सांगतो. टाळत नाही, पण एका दमात दोन्ही सांगणं मला जमत नाही.

दोन वर्षांपूर्वी भात झोडून झाल्यावर दादाचे डोळे पिवळे झाले. वाडीत एक म्हातारी कावीळ उतरवते. हातांना चुना चोळते, कसल्याशा सालीच्या रसाने धुते आणि परातीतलं पाणी पिवळं होतं. दादा तीन वेळा जाऊन आला. मला फोन केला, "पाणी पिवळा झाला रे. उतारता."

मी रविवारी गेलो. उतरत नव्हती. उलट अंगाला खाज सुटली होती आणि भात नकोसा झाला होता. त्याचं मन रमवावं म्हणून मी सांगितलं की ग्रीक भाषेत काविळीला इक्टेरोस म्हणत आणि त्याच नावाचा एक पिवळा पक्षी होता. काविळीच्या माणसाने तो पक्षी बघितला तर माणूस बरा होतो आणि पक्षी मरतो, अशी समजूत होती.

"म्हणजे आपलो हळद्यो?" दादा म्हणाला.

"तसाच काहीतरी."

पुढच्या रविवारी मी खळ्यात पाय ठेवतो तोच तो म्हणाला, "मास्तर, दोन दिसले. आंब्यार बसलेले." मग जरा थांबून, "मरनत नाय मा ते? बिचारे." वहिनी आतून म्हणाली, "भावजी, तुम्ही ह्येंका कायव सांगतात. आता हे काम सोडून झाडाखाली बसतत." तिघंही हसलो. माझ्या मनात तेव्हाच शंका होती. दुखत नसताना वाढत जाणारी कावीळ म्हणजे काय, हे टाईप करता करता मी शिकलो होतो.

कणकवलीच्या डॉक्टरांनी कोल्हापूरला पाठवलं. भाड्याची गाडी केली, मी, दादा आणि वहिनी. कोल्हापूरचा रस्ता फोंड्याच्या घाटातून जातो, म्हणजे ताईच्या दारावरून. तिचं घर बाजार संपता संपता डाव्या हाताला, समोर जांभ्याचं कुंपण. जाताना पहाट होती आणि दादा झोपला होता, किंवा डोळे मिटून होता.

कोल्हापुरात चार दिवस गेले. पित्तनलिकेत नळी बसवली, तुकडा काढून तपासला. पाचव्या दिवशी लिफाफा माझ्या हातात आला. दादा बाहेर बाकावर बसला होता. डॉक्टर तरुण होते. त्यांनी मला विचारलं, "पेशंटला सांगायचं का? हल्ली आम्ही सांगतो." मी म्हणालो, "नको. त्यांना झेपणार नाही." किती दिवस, असं मी विचारलं. ते म्हणाले, नक्की सांगता येत नाही, पण पावसाळा बघतील असं वाटत नाही.

बाहेर आलो तर दादा माझ्या तोंडाकडे बघत होता. मी आधीच चेहरा नीट करून आलो होतो. "नळी बसवली, आता पित्त उतरणार," मी म्हणालो. हे खरं होतं. वहिनीला मी जिन्यात गाठून सांगितलं. ती भिंतीला टेकली आणि म्हणाली, "ह्येंका कायव सांगू नकात." पुढे कितीतरी दिवस मी या वाक्याच्या आडोशाला बसलो. वहिनीने सांगितलं म्हणून, असं स्वतःला म्हणत राहिलो. पण मी डॉक्टरांना नाही म्हणालो होतो ते जिन्यात जायच्या आधी.

परतताना घाट उतरून फोंड्याच्या बाजारात आलो तेव्हा दुपारचे तीन वाजले असतील. दादा पुढच्या सीटवर होता. तो न वळता म्हणाला, "चाय घेवया?"

फोंड्यात चहा घ्यायचा म्हणजे कुठल्याही टपरीवर घेतला तरी तासाभरात ताईला कळलं असतं. दादाला ते माहीत होतं. म्हणून तर तो म्हणाला होता.

"कणकवलेक घेवया," मी म्हणालो आणि ड्रायव्हरला, "चला तुम्ही." गाडी जांभ्याच्या कुंपणावरून गेली. कुंपणावर एक चादर वाळत होती. दादाने मान वळवून ती मागे जाईपर्यंत बघितली.

आता ते दुसरं.

त्याच्या नऊ वर्षं आधी आमची आई पडली, खुब्याचं हाड मोडलं. ती दादाकडे गावात असायची. गावात तेव्हा फोनला रेंज नव्हती, म्हणून निरोप माझ्यामार्फत जायचे. ताईने मला फोन केला, "आयेक माझ्याकडे धाड. पावसाचे चार म्हयने माझ्याकडे रवांदे. दादाक सांग, मी गाडी घेवन येतंय." मी हो म्हणालो. फोन ठेवल्यावर मी बसून विचार केला. चार महिने ताईकडे, मग उरलेले दोघांत, म्हणजे पुढचे चार माझ्याकडे. दोन खोल्यांचं घर, बायकोची नोकरी, माझे क्लास. वाटणी एकदा सुरू झाली की तिसरा वाटा माझाच. कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं मी. मला फक्त वाटणी सुरू व्हायला नको होती.

गावात जाऊन मी दादाला सांगितलं, "ताईला जमणार नाही म्हणाली." आणि ताईला फोनवर सांगितलं, "दादा आईला सोडायला तयार नाही." दोन वाक्यं. दोन्ही मिळून दहा सेकंदं लागली असतील.

आई त्याच पावसात गेली. बाराव्याला दादाने ताईकडे बघितलं नाही आणि ताई न जेवता निघून गेली. दोघंही मानी. एकाने जरी तोंड उघडून विचारलं असतं तरी मी उघडा पडलो असतो. मी वाट बघत होतो की आता विचारतील, मग विचारतील. कुणी विचारलं नाही. मी दोघांकडे जात राहिलो आणि दोघांच्याही घरी मला आवडीने वाढलं जात राहिलं.

म्हणून फोंड्याला चहा नको होता. मरणार हे कळलं असतं तर दादा त्याच दिवशी बायच्या दारात उतरला असता. आणि मरणाच्या दारात माणसं मान ठेवत नाहीत, विचारतात. "तू आयेक कित्याक नेलंस नाय?" एवढा एकच प्रश्न पुरे होता.

नळी बसल्यावर महिन्याभरात दादाचे डोळे पांढरे झाले, खाज गेली, पेज जाऊ लागली. काजूचा मोहर सुरू झाला होता. तो सकाळी बागेत जाऊन बसायचा. तपासणीसाठी मी त्याला पुढे आणखी तीनदा कोल्हापूरला नेऊन आणलं. आणि याच दिवसांत त्याने मला शब्द विचारायला सुरुवात केली.

पहिला शब्द 'हेपॅटिक' होता. "बाजारात एक माणूस गावलो," तो म्हणाला, "त्येच्या बायलेच्या रिपोर्टात लिवलेला. काय ता?"

"हेपार म्हणजे यकृत."

"काळीज? बोकडाचा असता ता?"

"होय."

"मगे तसा लिवाक काय झाला त्येंका?"

मी हसलो, पण घरी जाताना अस्वस्थ झालो. बाजारातला माणूस कोण? दादा बाजारात कधी गेला? पुढच्या खेपेला त्याने 'पॅन्क्रियाज' विचारलं. मी सांगितलं, पॅन म्हणजे सगळं, क्रेआस म्हणजे मांस. हाड नाही, कूर्चा नाही, सगळं मांसच. "शिजाक सोपा," तो म्हणाला आणि माझ्याकडे बघत राहिला. ते बघणं मला आवडलं नाही. मला वाटलं, हा मला तपासतोय. दुसऱ्या कुणाकडून अर्थ काढून घेतोय आणि माझं उत्तर त्याच्याशी ताडून बघतोय.

संशय एकदा आत आला की घरभर फिरतो. मी मेडिकलवाल्याला सहज म्हणून विचारलं, आमचे बंधू येतात का हल्ली? तो म्हणाला, नाही बुवा, किती महिन्यांत नाही. मग मला वहिनीचा संशय आला. आणि वहिनीला माझा. एक दिवस पडवीत तिने मला अडवलं.

"भावजी, तुम्ही ह्येंका सांगलात काय?"

"मी कशाक सांगान?"

"मगे हे रात्री काय्काय इंग्रजी पुटपुटतत?"

तेव्हा कळलं. गरज पडली तर इथल्या डॉक्टरांना दाखवायला म्हणून कोल्हापूरचं डिस्चार्ज कार्ड घरातच ठेवलं होतं, कपड्यांच्या कपाटात. वहिनी काजू वेचायला गेली की दादा ते काढायचा आणि एकेक अक्षर बघून शब्द उतरवून घ्यायचा. वहिनीने कार्ड तांदळाच्या डब्यात लपवलं. पण तोवर शब्द उतरवून झाले होते.

पुढचा शब्द मी ओळखून होतो. त्यासाठी तयारीच करून गेलो होतो, वर्गात जातो तशी.

"कार्सिनोमा," दादा एकेक अक्षर सांभाळत म्हणाला.

"कार्किनोस म्हणजे कुर्ली, खेकडा," मी म्हणालो. "ओमा म्हणजे गाठ. गाठीच्या भोवती शिरा फुगलेल्या, कुर्लीच्या पायांसारख्या दिसल्या, म्हणून त्या लोकांनी तसं नाव दिलं."

"कुर्ली?" त्याने पोटावर हात ठेवला. आता तो बाजारातला माणूस आम्ही दोघांनीही सोडून दिला होता. "चावता?"

"नावच तसा रे. त्येंका दिसात ता नाव. गुडग्याक ताटली म्हणतत, म्हणून तू गुडग्यात जेवतंस काय?"

दादा हसला. पोट धरून हसला. मी आयुष्यात पुष्कळ विनोद केले असतील, पण त्याच्या हसण्याचा आवाज मला अजून नकोसा होतो. कॅन्सर हा शब्द त्याला माहीत होता. कर्क राशी त्याला माहीत होती. गोष्ट त्याच्या हाताशी आली होती आणि मी ती हसण्यावारी नेली.

शिमग्याला मी दोन दिवस गावात होतो. पालखी येऊन गेली होती, अंगणात फुलं पडली होती. दादा नारळ सोलत होता, एक सोलून दमला आणि कोयता बाजूला ठेवला. शेवटचा शब्द त्याने तेव्हा काढला. मेटास्टॅसिस, डॉक्टरी भाषेत कॅन्सर दुसरीकडे पसरणं.

"मेटा म्हणजे बदल," मी म्हणालो. "स्टॅसिस म्हणजे उभं राहणं, ठिकाण. जागा बदलली."

"कोणी?"

मी सोललेल्या नारळाची शेंडी सारखी केली.

"कोणी जागा बदलली रे?"

"औषधाने," मी म्हणालो. "गाठ जाग्यावरून सरकली. नळी बसवली ना."

त्याने नारळाची सोलून पडलेली सोडणं पायाने एका बाजूला केली. मग म्हणाला, "माका फोंड्याक जावचा आसा. बायक भेटाक. इतकी वर्सां झाली. आता जाव, काय काजू झाल्यार जाव? तुका ह्यातला कळता. तू सांग."

हाच तो प्रश्न. मी मरतलंय काय, असं त्याने विचारलंच नाही. आता जाव की मग, एवढंच. मी पुन्हा स्टॅसिसकडे गेलो. स्टॅसिस म्हणजे स्थिर. सगळं स्थिर आहे. डॉक्टरांनीही तसंच लिहिलंय बघ.

"म्हणजे घाय नाय?"

"घाय कसली? काजू झाल्यार जा. निवांत."

"बरा," दादा म्हणाला आणि कोयता पुन्हा हातात घेतला.

त्यानंतर त्याने एकही शब्द विचारला नाही. माझा संशय त्यामुळे आणखी वाढला. मला वाटलं, ह्याला सगळं कळलंय, हा माझ्याशी खेळतोय, एखाद्या दिवशी परस्पर फोंड्याला जाईल. मी वहिनीला रोज फोन करायचो, दादा कुठे आहे म्हणून. तिला वाटायचं, किती काळजी.

काजूचा हंगाम संपायला पंधरा दिवस असताना तो गेला. चार दिवस ताप, मग शुद्ध नाही. ताईला मी फोन केला तो गेल्यावर. ती आली, दादाच्या पायाशी बसली आणि रडली नाही. दुसऱ्या दिवशी तिने मला विहिरीकडे बोलावलं.

"त्येका म्हायत होता?"

"नाय."

"आणि तुका?"

"शेवटी शेवटी कळला."

डोळ्याच्या बाहुलीला लॅटिनमध्येही बाहुलीच म्हणतात, प्युपिला. समोरच्याच्या डोळ्यात आपली इवलीशी छबी दिसते म्हणून. वर्गात हे सांगताना मी मुलींना एकमेकींच्या डोळ्यांत बघायला लावतो. ताईच्या डोळ्यांत मला बघवलं नाही.

"त्येका कोल्हापुराक किती वेळा नेलंस?" तिने विचारलं.

"चार."

"म्हणजे आठ वेळा माझ्या दारावरना गेलंस."

खरं तर सात वेळा. एकदा येताना मी, रस्ता बरा आहे असं सांगून, गाडी दुसऱ्या घाटाने, गगनबावड्यावरून आणली होती. ते मी तिला दुरुस्त करून सांगितलं नाही. तिला संशय आला आहे, हे मला तेव्हा कळलं. कसला, ते तिलाही नीट कळलं नसावं. तेव्हापासून ती माझा फोन उचलते, बरं आहे म्हणते आणि ठेवते.

भेटायला येणारे सगळे मला एकच गोष्ट सांगत होते. माणसाला आतून कळतंच, दादाला ठाऊक असणारच, तुला त्रास नको म्हणून बोलला नाही. मी ते धरून बसलो होतो. बारावं झाल्यावर वहिनीने मला एक डायरी दिली, खताच्या दुकानातून वर्षाला फुकट मिळते तसली. "तुमच्या अक्षरांचा आसा काय ता," ती म्हणाली. "माका कळना नाय."

एका पानावर ते चार शब्द, मोठ्या इंग्रजी अक्षरांत, नांगरटीच्या ओळींसारखे. प्रत्येकापुढे मराठीत मी सांगितलेला अर्थ. काळीज. सगळे मांस. कुर्लीसारखी गाठ. जागा बदलली, आता थीर. ओळीखाली रेघ, आणि तिच्याखाली: 'घाई नाही. मास्तर बोललो.'

पान उलटलं तर दुसरीकडे कणकवलीहून फोंड्याला जाणाऱ्या गाडीची वेळ होती, सव्वासातची. खाली लिहिलं होतं, काजू झाल्यावर. आणि बायला न्यायच्या वस्तू: काजू, कोकमाची सोलां, आयेची तांब्याची कळशी.

ती कळशी ताईने आईच्या बाराव्याला मागितली होती आणि दादाने ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं. ती त्याने घासून ठेवली होती, वहिनीने दाखवली. तो मला तपासत नव्हता. कुणाकडे ताडूनही बघत नव्हता. त्याला मास्तरचे शब्द शिकायचे होते आणि मास्तर सांगेल ते खरं धरायचं होतं. त्या घरात एकमेकांवर संशय न घेणारा तो एकटाच होता, आणि मी त्याच्यावर पाळत ठेवली.

परवा वर्गात प्रोग्नोसिस शिकवत होतो. प्रो म्हणजे आधी, ग्नोसिस म्हणजे जाणणं. आधी जाणणं. त्या तारकर्लीच्या मुलीसारखीच एक मुलगी, यंदाची, मागच्या बाकावरून म्हणाली, "पण सर, कोणी? आधी जाणायचं कोणी, डॉक्टरने की पेशंटने?"

"शब्दात ते दिलेलं नाही," मी म्हणालो.

"मग तुमच्या मते?"

बाकीच्या मुली वळून तिच्याकडे बघायला लागल्या. तास संपायला दहा मिनिटं होती. मी फळा पुसला आणि मुलींना सोडून दिलं. हल्ली कुणी लिफाफा घेऊन आलं तर मी सांगतो, ज्याचा आहे त्याला घेऊन या, त्याच्यासमोर वाचतो. दोघे-तिघे आले. बाकीचे आता दुसऱ्या कुणाकडे जातात. ते मला चांगलं ठरवत नाही. उशिरा आलेल्या शहाणपणाचं काय करायचं, ते मला कळत नाही.

डायरी माझ्या टेबलाच्या खणात आहे. कळशी वहिनीने माझ्याकडे दिली आहे, ताईला पोचवायला. पोचवणारा मीच, अजूनही. त्या दिवसापासून ती आमच्या स्वयंपाकघरात माळ्यावर आहे आणि बायको दोनदा म्हणाली, कधी देणार ती.

ताईला मी हे देणं लागतो: आईची कळशी, दादाच्या डायरीचं ते पान, आणि माझ्या तोंडून दोन गोष्टी. आईला तुझ्याकडे पाठवायला दादाने नाही म्हटलं नव्हतं, त्याला तुझा निरोपच मिळाला नव्हता. आणि दादा तुझ्याकडे यायला निघाला होता, त्याला मी थांबवलं. हे लिहिलेलं छापून यायच्या आधी मला तिच्यासमोर बसून हे बोललं पाहिजे. अजून बोललेलो नाही.